नीलवंत फुलपाखरू आणि घोरपड: दोघांची तुलना नीट कशी करायची

मागच्या पावसाळ्यात भाचीला शाळेतून प्रोजेक्ट आला, कोणत्याही दोन प्राण्यांची तुलना करा, आणि तिने निवडले नीलवंत फुलपाखरू आणि घोरपड, कारण दोन्ही तिने एकाच आठवड्यात बघितले होते, एक कुंडीतल्या लिंबावर आणि दुसरी शेताच्या बांधावर. तिने तक्ता केला. पंख: आहेत, नाहीत. शेपूट: नाही, आहे. पाय: सहा, चार. रंग: काळा-निळा, मातकट. असे बारा मुद्दे झाले, तक्ता संपला आणि ती मला म्हणाली, "मामा, हे सगळं तर मला आधीच माहीत होतं." अगदी बरोबर बोलली ती. मग आम्ही दोघांनी ती वही परत पहिल्या पानापासून सुरू केली आणि जवळजवळ वर्षभर भरत गेलो. त्यात जे जे कळलं ते इथे लिहितोय, म्हणजे कुणाला असं एखादं फुलपाखरू आणि एखादा मोठा सरपटणारा प्राणी शेजारीशेजारी ठेवून बघायचा असेल तर सुरुवात कुठून करायची आणि कुठे घसरायला होतं ते आधीच माहीत असेल.

सगळ्यात आधी जात पक्की करा. "फुलपाखरू आणि सरडा" अशी तुलना करायला गेलात की गोंधळ होणारच, कारण जगात फुलपाखरांच्याच १८ हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या एकीबद्दल खरं असलेलं दुसरीबद्दल खरं असेलच असं नाही. आमचं फुलपाखरू म्हणजे ब्लू मॉरमॉन, शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर, १७७५ साली क्रॅमरने त्याचं वर्णन केलं. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ते राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं, राज्य फुलपाखरू ठरवणारं आपलं देशातलं पहिलं राज्य. तेव्हा राणी पाकोळी हे नाव चाललं, पुढे नीलवंत हे नाव रुळलं, त्यामुळे माहिती शोधताना दोन्ही नावांनी शोधा नाहीतर अर्धी माहिती हातातून जाते. ओळखायला सोपं आहे, काळेभोर पंख, मागच्या पंखांवर फिकट निळ्याचा मोठा पट्टा आणि त्यात काळे ठिपके, शेपटी नाही, आणि पंख मिटून बसलं की खालच्या बाजूला पंखाच्या मुळाशी लाल डाग दिसतात. ते लाल डाग फोटोत आले पाहिजेत, तोच पुरावा.

घोरपड म्हणजे व्हॅरॅनस बेंगालेन्सिस. नावात बंगाल आहे म्हणून फसू नका, ती इराणच्या आग्नेय कोपऱ्यापासून म्यानमारपर्यंत आहे. भारतात घोरपडीच्या चार जाती आहेत, ही आपली नेहमीची, पिवळी घोरपड, वाळवंटी घोरपड आणि पाणघोरपड, आणि महाराष्ट्रात बांधावर, गडग्यावर, वारुळाजवळ दिसते ती ही नेहमीची. जवळून फोटो मिळाला तर नाकपुडी बघा, ती गोल भोक नसते, तिरकी चीर असते, आणि नाकाचं टोक आणि डोळा यांच्या साधारण मध्यावर असते. आम्हाला हे फोटो मोठा करून बघितल्यावर कळलं आणि मग दर वेळी आम्ही आधी नाकच बघायला लागलो.

आता तक्त्याचा पहिला नियम, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा. ज्या ओळीत एका बाजूला नुसतं "नाही" येतं ती ओळ खोडा आणि प्रश्न बदलून परत लिहा. "पंख" ही ओळ घेतली की घोरपडीच्या रकान्यात "नाही" येतं आणि विषय तिथेच मिटतो. त्याऐवजी "अंतर कसं कापतो" असं विचारा. मग नीलवंतच्या रकान्यात येतं की तो सरळ रेषेत कधी उडत नाही, वर-खाली हेलकावे घेत जंगलातल्या पायवाटेच्या किंवा ओढ्याच्या कडेकडेने वेगात जातो, आणि पाठलाग करणाऱ्या पक्ष्याला पुढचा अंदाज बांधता येत नाही. घोरपडीच्या रकान्यात येतं की ती पाय बाजूला फाकवून अंग डावी-उजवीकडे वळवत चालते, भिंतीवर आणि झाडावर नखांनी चढते, पोहते सुद्धा, आणि घाबरली तर भलतीच जोरात पळते. आता दोन्ही रकान्यात माहिती आली. "शेपूट" ही ओळसुद्धा अशीच बदलली, "अंगावर कुणी आलं तर काय करतो" असं केलं, आणि त्या एका ओळीतून पुढची तीन पानं निघाली, ते खाली सांगतो.

मोजमापाचं बघू. पुस्तकात सापडतं की नीलवंतच्या पंखांचा विस्तार १२ ते १५ सेंटीमीटर आणि घोरपड जास्तीत जास्त १७५ सेंटीमीटर. मुलं लगेच भागाकार करून लिहितात, घोरपड बारापट मोठी. इथे थांबा. एकाचं माप आडवं आहे, डाव्या पंखाच्या टोकापासून उजव्या पंखाच्या टोकापर्यंत, आणि दुसरीचं उभं आहे, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, आणि त्या १७५ मधले १०० सेंटीमीटर तर नुसती शेपटी आहे. दोन वेगळ्या दिशांची मापं भागून आलेल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. एक तर दोघांचंही धड मोजा, म्हणजे फुलपाखराचं डोकं ते पोटाचं टोक आणि घोरपडीचं नाक ते शेपटीचं मूळ, नाहीतर मापं शेजारीशेजारी लिहा पण कसली मापं आहेत ते शब्दात लिहा.

मोजायचं कसं, हा पुढचा प्रश्न, कारण दोघांनाही हात लावायचा नाही. फुलपाखराच्या पंखाला बोट लागलं की बोटावर जी काळी पावडर येते ती त्याच्या पंखावरचे खवले असतात, गेलेले परत येत नाहीत. आणि घोरपडीला पकडणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. आम्ही केलं ते असं: प्राणी ज्यावर बसलाय ती वस्तू मोजायची. घोरपड गडग्यावर ऊन खात होती, मी लांबून झूम करून फोटो काढला, मोबाईल तिच्या अंगाला समांतर धरून, वरून किंवा तिरका नाही, आणि ती निघून गेल्यावर जाऊन तिच्या पोटाखालचा दगड टेपने मोजला. दगड ४२ सेंटीमीटर निघाला. फोटोत ती त्या दगडाच्या जवळजवळ अडीचपट होती, म्हणजे साधारण मीटरभर. नीलवंतसाठी तर अजून सोपं, तो ज्या पानावर किंवा फुलावर बसला ते पान मोजा. फुलपाखराच्या बाबतीत दोन-तीन फोटोंचं मिळून माप घ्या कारण पंख अर्धवट मिटलेले असले की माप चुकतं.

आणि मोठ्या-लहानाच्या बाबतीत एक चूक जवळजवळ सगळे करतात, मीही करायचो. छोटं फुलपाखरू दिसलं की पिल्लू म्हणायचं. फुलपाखराला पिल्लू नसतं हो! कोषातून बाहेर आलं की पंख सुकेपर्यंत काय ते फुगतात, त्यानंतर ते एक मिलिमीटर सुद्धा वाढत नाही, सगळी वाढ अळी असतानाच होऊन गेलेली असते. घोरपडीचं बरोबर उलटं, अंड्यातून बाहेर येते तीच मुळात घोरपडीच्या रूपात, फक्त वीतभर, आणि मग वर्षानुवर्षं हळूहळू वाढत राहते. म्हणजे वीतभर घोरपड बघितली तर तुम्ही वय बघितलं, आणि लहान नीलवंत बघितला तर बहुतेक तुम्ही अळीला पाला किती मिळाला होता ते बघितलं. म्हणून तुलना करताना "आकार" असा एकच रकाना ठेवू नका, अंडं, पिल्लू किंवा अळी, आणि पूर्ण वाढलेला असे तीन तरी करा.

ऊन हा विषय मात्र वेळ देऊन करा, कारण इथे दोघं खरंच एकमेकांच्या जवळ येतात. दोघांनाही आपल्यासारखी आतून सतत उष्णता तयार करता येत नाही, बाहेरून घ्यावी लागते. मग प्रश्न असा विचारायचा, सकाळी कामाला लागायच्या आधी कोण किती वेळ ऊन खातं. यासाठी पुस्तक नको, सकाळी उठायला लागतं. आम्ही ऑक्टोबरमधल्या एका रविवारी वही, घड्याळ आणि थर्मास घेऊन बांधाजवळ बसलो. घोरपड भोकातून आधी नुसतं डोकं बाहेर काढून बसली, बराच वेळ, मग अर्धं अंग, मग पूर्ण बाहेर येऊन दगडावर पसरली, पोट अगदी दगडाला चिकटवून, म्हणजे वरून ऊन आणि खालून तापलेला दगड. नीलवंत त्याच दिवशी झुडपाच्या पूर्वेकडच्या बाजूला पंख सपाट उघडून बसलेला सापडला. त्याचे काळे पंख ऊन शोषतात आणि छातीतले उडायचे स्नायू गरम व्हायला मदत होते, ते स्नायू गार असले की त्याला नीट उडताच येत नाही.

तर नोंद अशी करा: तारीख, वेळ, ढग होते का, ऊन कुठून येत होतं, अंग कुठल्या दिशेला होतं, आणि पहिली हालचाल किती वाजता. तीन-चार सकाळी हे केलं की तुमच्याकडे स्वतःची माहिती तयार होते, कुठूनही उतरवलेली नाही. आमच्या वहीत प्रत्येक वेळी फुलपाखरू आधी हललं आणि घोरपड नंतर, आणि भाचीने कारण स्वतः शोधलं, छोटं भांडं लवकर तापतं. मोठं अंग तापायला वेळ लागतो पण गार व्हायलाही वेळ लागतो, म्हणूनच ढग आला की नीलवंत जवळजवळ लगेच बसतो आणि घोरपड आपली फिरत राहते. ही ओळ तक्त्यात लिहिताना तिला इतका आनंद झाला होता की मला अजून आठवतो.

दोन काटे

आता ती "अंगावर कुणी आलं तर" वाली ओळ. इथे मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नीलवंतची मादी अंडी एकेक करून घालते, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर, जंगलात माकडलिंबू, किरमिरा असल्या झाडांवर आणि घराजवळ आपल्या लिंबावर. बघा ती पानावर कशी येते, बसायच्या आधी पुढच्या पायांनी पानावर भराभर टपटप करते, ती पायाने पानाची चव घेत असते. पटलं तर एक अंडं, गोल, पिवळसर, मोहरीपेक्षा लहान, आणि गेली. अंड्यातून अळी येते ती सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी-पांढरी आणि ओली वाटणारी, त्यामुळे पानाच्या वरच्या बाजूला राजरोस बसून राहते आणि पक्षी ढुंकून बघत नाहीत. पाच अवस्था असतात, शेवटच्या अवस्थेत ती हिरवीगार होते आणि डोक्यामागच्या फुगीर भागावर डोळ्यांसारख्या खुणा येतात, समोरून बघितलं तर छोट्या सापाचं तोंडच.

आमच्या कुंडीतल्या अळीला चुकून पानाचा धक्का लागला आणि तिच्या डोक्यामागून एकदम लालसर, ओला, दोन टोकांचा काटा बाहेर आला, वाय अक्षरासारखा, आणि तिखट आंबूस वास सुटला. दोन-तीन सेकंदात तो काटा परत आत. भाची ओरडलीच, "मामा, हिला घोरपडीची जीभ आहे!"

दिसायला खरंच तसंच आहे. घोरपडीची जीभही लांब आणि टोकाला दुभागलेली. पण काम विचारा. अळीचा काटा वास बाहेर सोडतो, मुंग्या, छोट्या माश्या आणि पक्षी यांना लांब ठेवायला. घोरपडीची जीभ वास आत घेते, हवेतले आणि जमिनीवरचे कण टिपते, तोंडाच्या आत टाळूत वास ओळखणारं एक वेगळं इंद्रिय आहे तिथे नेऊन पोचवते, आणि दोन टोकं असल्यामुळे तिला वास डावीकडून जास्त येतोय की उजवीकडून तेही समजतं. एकाच आकाराच्या दोन वस्तू आणि कामं बरोबर उलट दिशेची. तुलना करताना अशी जागा सापडली की तिथे थांबायचं, ती दोन्ही चित्रं शेजारी काढायची आणि खाली बाण काढायचे, एकात बाण बाहेर जाणारा, एकात आत येणारा. आमच्या वहीतलं ते पान बघून बाईंनी वर्गात दाखवलं.

म्हणूनच मी सांगतो की दिसण्यावरून ओळ तयार करू नका, कामावरून करा. "दुभागलेला अवयव: दोघांना आहे" असं लिहिलं असतं तर ते खोटं नव्हतं, पण त्यातून चुकीचंच काहीतरी डोक्यात राहिलं असतं.

घोरपडीचा बचाव वेगळाच आहे. आधी पळते. पळायला जागा नसेल तर अंग फुगवते, फुत्कारते, शेपटीचा फटका मारते आणि अगदी अडकली तर चावते, दात वाकडे असल्याने जखम वाईट होते. दगडाच्या फटीत शिरली तर नखं रोवून अंग फुगवून अशी अडकून बसते की ओढून निघत नाही. तानाजी मालुसरे यांची यशवंती घोरपड ज्या गोष्टीत आहे ती गोष्ट लोकांना पटली ती याच चिकटण्यामुळे, आणि घोरपडे आडनावामागेही घोरपडीच्या मदतीने किल्ला चढल्याचीच कथा सांगतात. १६७० ची कोंढाण्याची लढाई हा इतिहास आहे, घोरपडीला दोर बांधून वर चढणं हे पोवाड्यातून आणि लोककथेतून आलेलं आहे. वहीत यासाठी वेगळं पान ठेवा, "लोक काय सांगतात" असं वर लिहून, आणि ते निरीक्षणाच्या तक्त्यात मिसळू नका. मला ती गोष्ट लहानपणापासून आवडते, म्हणून तर ती वेगळी जपून ठेवावीशी वाटते.

खाण्याबद्दल थोडक्यात. नीलवंतला एका आयुष्यात दोन तोंडं मिळतात, अळी असताना पानं कुरतडणारे जबडे आणि फुलपाखरू झाल्यावर गुंडाळून ठेवायची सोंड, त्यामुळे अळी आणि फुलपाखरू एकमेकांचं अन्न कधीच खात नाहीत. नर ओल्या मातीवर बसून पाणी पितात ते तहान म्हणून तेवढं नसतं, त्यातले क्षार हवे असतात. घोरपड जन्मभर एकाच तोंडाने खाते, भुंगेरे, अळ्या, खेकडे, गोगलगायी, बेडूक, उंदीर, अंडी, साप, मिळेल ते, पिल्लू असताना किडे जास्त. तिला चावून बारीक करता येत नाही, झटके देऊन गिळते. इथे तुलनेची ओळ अशी घ्या, "वय वाढल्यावर खाणं बदलतं का". दोघांचंही उत्तर हो आहे, पण एकाचं तोंड बदलून आणि दुसरीचं तोंड नुसतं मोठं होऊन.

श्वासाची ओळ बरेच जण सोडून देतात, सोडू नका. फुलपाखराला फुप्फुसं नाहीत, अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात आणि तिथून नळ्यांनी हवा थेट आत पोचते, रक्ताला ते काम करावं लागत नाही. घोरपडीच्या गळ्याकडे बघत बसा, तो सारखा फुगतो आणि बसतो. पाल-सरड्यांना पळताना नीट श्वास घेता येत नाही कारण अंग वळवायचे आणि श्वास घ्यायचे स्नायू तेच असतात. घोरपडीच्या कुळाने गळ्याचा पंप वापरून यातून वाट काढली आहे, म्हणून घोरपड लांबपर्यंत पळू शकते.

वेळेची तुलना करताना महिने एका रेघेवर मांडा, हे खरंच करून बघा. आलेखाच्या वहीत एक चौकोन म्हणजे एक आठवडा. घोरपडीची मादी पावसाळ्यात किंवा पावसाळा सरता सरता जमिनीत भोक करून, कधी वारुळात, साधारण २० च्या आसपास अंडी घालते, तोंडाने माती दाबून भोक बुजवते, आजूबाजूला खोटी भोकंही उकरते, आणि निघून जाते. अंडी तिथे सहा ते आठ महिने पडून असतात. नीलवंतचं अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सव्वा ते दीड महिन्यात उरकतं, हवा गार असेल तर जरा जास्त, आणि पुढे फुलपाखरू म्हणून काही आठवडे. आम्ही रेघ मारली तेव्हा घोरपडीच्या अंड्यांच्या एका लांब पट्टीखाली नीलवंतच्या चार-पाच छोट्या पट्ट्या मावल्या. म्हणजे हिशोबाने एक घोरपड अंड्यातून बाहेर यायच्या आत तिच्या डोक्यावरच्या लिंबावर नीलवंतच्या चार पिढ्या होऊन जाऊ शकतात. आणि बाहेर आल्यावर ती घोरपड अनेक वर्षं जगते, प्राणिसंग्रहालयात तर वीसेक वर्षं. आकड्यांनी हे सांगून भाचीला काही वाटलं नव्हतं, पट्ट्या काढल्यावर ती बराच वेळ त्या पानाकडे बघत बसली होती.

शब्दांपासून सांभाळून राहा, हेही तितकंच महत्त्वाचं. आपण दोघांसाठीही "खवले" म्हणतो आणि "कात टाकली" म्हणतो. फुलपाखराचा खवला म्हणजे एकेका पेशीने बनवलेली कायटिनची, म्हणजे किड्यांचं टणक कवच ज्याचं असतं त्या पदार्थाची, बारीक चकती, छपराच्या कौलांसारख्या ओळीत बसवलेली, आणि ती सहज सुटते, कोळ्याच्या जाळ्यात अडकलं की खवले जाळ्यावर सोडून कधीकधी फुलपाखरू निसटतं सुद्धा. घोरपडीचा खवला तिच्या कातडीचाच भाग, आपल्या नखात असतं त्या जातीचं केराटिन, आणि त्याचं काम अंगातलं पाणी आत राखणं. कातेचंही तसंच. अळी वाढायला जागा नाही म्हणून कात टाकते, एकदम पूर्ण, आणि कोष झाल्यावर एकदाच शेवटची. घोरपड तुकड्या-तुकड्यांनी टाकते, आयुष्यभर. या दोघांचा शेवटचा समान पूर्वज पन्नास कोटी वर्षांहून जुना आहे आणि त्याच्या अंगावर यातलं काहीच नव्हतं, म्हणजे खवले दोन्ही घराण्यांनी आपापले स्वतंत्र मिळवलेत. तक्त्यात "खवले: दोघांना" असं लिहायचं असेल तर पुढे "पण वेगळे" आणि का वेगळे ते लिहायलाच हवं.

माणसाशी नातं हा रकाना शेवटी ठेवा पण ठेवा. नीलवंतला आपण राज्य फुलपाखरू केलं, शेकरू, हरियाल, आंबा आणि ताम्हण यांच्या रांगेत बसवलं. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ आहे तिथेच, तिला मारलं किंवा पकडलं तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं तुरुंगवास. तरी तिला मारतात. मांसासाठी, तेलासाठी, त्या तेलाने सांधे बरे होतात म्हणून, ज्याला काहीही आधार नाही. पूर्वी दिमडीवर तिचं कातडं चढवायचे. आणि "हत्ताजोडी" म्हणून जी वाळकी मुळी पैसा येतो म्हणून विकतात ती मुळी नसतेच, नर घोरपडीचं कापून वाळवलेलं लिंग असतं. हे वाचून मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. भाचीला किती सांगावं असा विचार केला आणि सगळं सांगितलं, मग तिने त्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "नीलवंत लोकांना आवडतो, घोरपड उपयोगी वाटते, आणि उपयोगी वाटणं जास्त धोक्याचं आहे." मला तिच्या अख्ख्या वहीत हे वाक्य सगळ्यात पटलं. घरात किंवा विहिरीत घोरपड आली तर काठी घेऊ नका, वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

लिहून काढताना तक्ता तसाच उचलून निबंध करू नका. प्रत्येक ओळीचं एक पूर्ण वाक्य करा ज्यात दोघांची नावं येतील आणि मधे "कारण" येईल. "नीलवंत घोरपडीच्या आधी उडायला तयार होतो कारण त्याचं अंग लहान असल्याने लवकर तापतं." ज्या ओळीत कारण लिहिता येत नाही ती वेगळ्या पानावर प्रश्न म्हणून ठेवा. स्वतः बघितलेलं एका रंगाच्या पेनाने आणि वाचलेलं दुसऱ्या रंगाने लिहिलंत तर बाईंनाही कळतं आणि सहा महिन्यांनी तुम्हालाही कळतं. सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या करायचा हट्ट नको, काट्याला दोन पानं लागली आणि पायांना एक ओळ, चालतं.

आमच्या वहीत अजून एक ओळ कोरी आहे, "सलग तीन दिवस पाऊस असेल तर दिवसभर काय करतो." नीलवंत पानाखाली बसलेला एकदा दिसला होता, पण तो एकच दिवस होता आणि अंधार पडत आला होता. घोरपडीच्या भोकाची जागा आता माहीत आहे, लांबून दिसेल अशी बसायची जागाही ठरली आहे. भाचीने त्या ओळीपुढे पेन्सिलने जुलै लिहून ठेवलाय आणि छत्री कोणी धरायची तेही.